चॅट रूम म्हणजे गप्पांची खोली



मागच्या वेळी मी भित्तिपत्रकात 'आमची कपिला गाय' लिहिले होते. या वेळी गुरुजी म्हणाले, "तुझ्या बाबतीत जे घडलं तेच लिही. सगळ्यांच्या उपयोगी पडेल." मला आधी लाज वाटत होती. दिवाळीनंतर आमच्या बाबांच्या मोबाईलवरून तुमच्यापैकी पुष्कळ जणांना निरोप आला होता, "मी दवाखान्यात आहे, लगेच तीन हजार रुपये पाठवा." तुम्हांला आठवत असेल. तो निरोप बाबांनी पाठवलेला नव्हता. बाबा तेव्हा शेतात भात झोडत होते. तो कसा आला ते मी आज लिहिणार आहे, कारण त्याची सुरुवात माझ्यापासून झाली.

आधी चॅट रूम म्हणजे काय ते सांगते. आपल्या गावात देवळापुढे पार आहे. संध्याकाळी तिथे माणसे बसतात. ज्याला यायचे तो येतो, बोलतो, कंटाळा आला की उठून जातो. चॅट रूम हा तसाच पार आहे, पण तो मोबाईलमध्ये किंवा संगणकात असतो. चॅट म्हणजे गप्पा आणि रूम म्हणजे खोली. एकाने काही लिहिले की खोलीतल्या सगळ्यांना ते लगेच दिसते, मग कोणी अंधेरीत बसलेला असो नाहीतर अमेरिकेत. फरक एकच आहे. पारावर कोण बसलंय ते आपल्याला दिसतं. नवा माणूस आला तर म्हातारे लगेच विचारतात, कोण रे तू, कोणाचा? खोलीत मात्र फक्त नाव दिसते, आणि तेही त्याने स्वतःच ठेवलेले असते.

हे काही नवीन नाही. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात १९७३ सालीच अशी खोली तयार झाली होती. तिचे नाव टॉकोमॅटिक. एका खोलीत पाचच माणसे बोलू शकत. आपल्या देशात लोकांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, आणि पहिल्या शहरांत मुंबई होती. माझा मामा कॉलेजात होता तेव्हा, म्हणजे २००१ च्या सुमारास, तो घाटकोपरला स्टेशनजवळ सायबर कॅफेत जायचा. तासाला वीस-तीस रुपये पडत. फळ्यांचे आडोसे करून एकेक संगणक ठेवलेला असायचा. मामा याहूच्या चॅट रूममध्ये बसायचा. आत गेल्याबरोबर समोरचा तीन अक्षरे विचारायचा, ए-एस-एल. म्हणजे तुझे वय काय, मुलगा की मुलगी, आणि गाव कोणते. मामा म्हणाला, "मी एकोणीस वर्षांचा होतो, पण पंचवीस सांगायचो." मामी म्हणाली, "अहो, म्हणजे तुम्हीसुद्धा खोटं बोलायचात!" मग आम्ही सगळे हसलो. पण नंतर माझ्या लक्षात आले की जर आपला मामा खोटे सांगत होता, तर बाकीचे किती सांगत असतील!

त्या खोल्यांत वाईट माणसे मुलांना शोधत फिरतात हे कंपन्यांनाही कळले. म्हणून मायक्रोसॉफ्टने २००३ साली ब्रिटनमधल्या आणि इतर अनेक देशांतल्या आपल्या उघड्या चॅट रूम बंद केल्या. याहूच्या २०१२ च्या डिसेंबरात बंद झाल्या. मला वाटलं, चला, सुटलो. पण तसे नाही. खोल्या बंद झाल्या नाहीत, त्या दुसरीकडे राहायला गेल्या. आता त्या खेळांच्या आत असतात. क्रिकेटचा खेळ, गाडीचा खेळ, लुडो, सगळ्यांत बाजूला गप्पा मारायची जागा असते. आईबाबांना वाटते मूल खेळतंय. ते खेळतही असते आणि बोलतही असते.

आता माझी गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीत मी मुलुंडला मामाकडे गेले होते. आसनगावहून लोकलने ठाणे आणि तिथे गाडी बदलून मुलुंड. मामाचे घर चौथ्या मजल्यावर आहे. मामा आणि मामी दोघेही कामाला जातात. माझा मामेभाऊ, म्हणजे दादा, नववीत आहे. दुपारी तो क्लासला गेला की त्याचा जुना मोबाईल माझ्याकडे असे. त्यात लुडो होता. लुडो सुरू करताना वय विचारतात. दादाने पूर्वीच तिथे अठरा टाकलेले होते. त्याला वाटले, त्याने काय होते? पण त्यामुळे तो खेळ मला मोठी बाई समजत होता! लहान मुलांसाठी काही खेळांत जे दार लावलेले असते ते आम्ही आपल्या हातानेच उघडून ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी माझ्या खोलीत 'स्वीटी ११' आली. तिने मराठीत विचारले, "तू पण मुंबईची का? मी बोरिवलीची. पाचवीत आहे." मला फार आनंद झाला. मुंबईत मला एकही मैत्रीण नव्हती. मी तिला सांगितले की मी गावाला राहते आणि मामाकडे मुलुंडला आले आहे. ती म्हणाली, "अय्या, माझा पण मामा गावाला आहे. तुझं गाव कोणतं?" मी सांगितले. शाळा कोणती, तेही सांगितले. गुरुजी मारतात का? मी म्हटलं, नाही, आमचे गुरुजी चांगले आहेत. असे तीन दिवस चालले. ती मला रोज जिंकू द्यायची. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "तुला पाचशे नाणी फुकट देते. मोबाईल नंबर लागतो. पण कोणाला सांगू नकोस, नाहीतर सगळे मागतील." माझ्याजवळ कुठला मोबाईल! मी बाबांचा नंबर दिला. तो मला पाठ आहे, कारण हरवले तर सांगता यावा म्हणून आईनेच पाठ करून घेतला होता.

नाणी आली नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वीटीही आली नाही.

त्याच दिवशी इकडे बाबांना फोन आला. तो माणूस गोड बोलत होता. त्याने माझे नाव घेतले, आपल्या शाळेचे नाव घेतले, चौथीत आहे ना म्हणाला, सध्या मुलुंडला मामाकडे आहे ना म्हणाला. मग म्हणाला, "मुलांच्या स्पर्धेत तुमच्या मुलीला बक्षीस लागलं आहे. तुमच्या मोबाईलवर सहा आकडे आले आहेत ते सांगा." बाबा असे कोणालाही आकडे सांगत नाहीत. बँकवाला म्हणून फोन आला तर ते सरळ ठेवून देतात. पण या माणसाला घरचे सगळे ठाऊक होते. बाबांना वाटले, ओळखीचा असल्याशिवाय एवढे कसे माहीत असेल? त्यांनी आकडे सांगितले.

ते आकडे व्हॉट्सॲपचे होते. हे कसे चालते ते मामाने मला कागदावर काढून दाखवले. कोणत्याही मोबाईलवर व्हॉट्सॲप सुरू करताना आपला नंबर टाकावा लागतो. मग तो नंबर खरंच आपला आहे ना हे बघायला त्या नंबरवर सहा आकडे येतात. ते घराच्या किल्लीसारखे असतात. त्या माणसाने त्याच्या मोबाईलवर बाबांचा नंबर टाकला. किल्ली आली बाबांकडे. बाबांनी ती फोनवरून त्याला देऊन टाकली. झाले, बाबांचे व्हॉट्सॲप बाबांच्या मोबाईलवरून बंद आणि त्याच्याकडे चालू. शाळेच्या पालकांच्या गटात बाबा आहेत, दूधवाल्यांच्या गटात आहेत. तिथे नंबर सगळ्यांचे मिळाले. बाकीच्यांनी बाबांना फोन करून विचारले म्हणून वाचले. पण आमच्या कल्याणच्या आत्याने तीन हजार रुपये पाठवले. तिला वाटले, भाऊ दवाखान्यात आहे, विचारत काय बसायचे!

गावात दोन दिवस लोक म्हणत होते की याला एवढी काय नड आली? आजीला ते फार लागले.

मला हे फोनवर आईकडून कळले तेव्हा मी लगेच ओळखले. पण सांगितले नाही. दोन दिवस मी जेवले नाही नीट. मला वाटत होते की दादाचा मोबाईल काढून घेतील, बाबा मारतील, आणि पुन्हा मुलुंडला पाठवणार नाहीत. शेवटी रात्री मामीने विचारले, "पोटात दुखतंय का?" तेव्हा मी रडत रडत सगळे सांगितले. मामी ओरडली नाही. तिने आधी दादाचा मोबाईल घेतला आणि स्वीटीशी झालेल्या बोलण्याचे फोटो काढून ठेवले. मी ते सगळे पुसून टाकायला निघाले होते! पुसले असते तर पोलिसांना दाखवायला काहीच राहिले नसते. फोटो काढल्यावर मग तिने स्वीटीची तक्रार खेळात केली आणि तिला अडवून टाकले, म्हणजे ब्लॉक केले.

मग मामाने आत्याला १९३० या नंबरवर फोन करायला लावला. हा नंबर मोबाईल किंवा इंटरनेटवरून पैसे लुबाडले तर लावायचा असतो. ज्याच्या खात्यातून पैसे गेले त्याने तो लावलेला बरा, कारण बँकेची माहिती विचारतात. पैसे गेल्याबरोबर जितक्या लवकर लावाल तितके चांगले. चोर ते पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळवत असतो, आणि बँक ते वाटेतच अडवू शकते. आत्याला उशीर झाला होता. तक्रार नोंदली गेली आहे, तिचा क्रमांक आत्याकडे आहे, पण पैसे आलेले नाहीत. मी त्याच दिवशी सांगितले असते तर कदाचित आले असते. हे मला कोणी बोलून दाखवले नाही, पण मला कळते.

बाबांचे व्हॉट्सॲप मात्र परत मिळाले. बाबांनी आपला नंबर पुन्हा टाकला, नवे सहा आकडे आले, ते स्वतःच टाकले आणि तो चोर आपोआप बाहेर पडला. मग मामाने फोनवर सांगून आणखी एक कुलूप लावून घेतले. ते सहा आकडी गुप्त अंक असतात आणि ते आपणच ठरवायचे असतात. पालकांनो, तुम्ही अजून लावले नसेल तर सेटिंगमध्ये खाते आणि त्यात दोन टप्प्यांची पडताळणी असे असते, तिथे लावता येते.

स्वीटी खरी होती का खोटी, यावर आमच्या घरी वाद झाला. दादा म्हणाला, "तू तिला विचारायला पाहिजे होतंस, नॅशनल पार्क बोरिवलीच्या पूर्वेला आहे की पश्चिमेला. पूर्वेला आहे हे बोरिवलीच्या कोणालाही माहीत असतं." मला ही युक्ती आवडली. पण मामी म्हणाली, "बरोबर सांगितलं असतं तर काय ठरलं असतं? एवढंच की त्या माणसाला बोरिवली माहीत आहे. ती अकरा वर्षांची आहे हे कुठे ठरलं?" मला मामीचे पटले. प्रश्न विचारून खोलीतला माणूस ओळखता येत नाही. फोटो पाठवला तरी तो दुसऱ्याचा असू शकतो. आवाजसुद्धा आता संगणकाने बदलता येतो.

मामीने आणखी एक गोष्ट सांगितली, ती लिहू की नको असे मला झाले होते. गुरुजी म्हणाले लिही. २००७ साली ऑगस्टमध्ये अंधेरीच्या एका सोळा वर्षांच्या मुलाला पैशांसाठी पळवून नेले आणि मारले. तेव्हा ऑर्कुट नावाची ओळखी करायची जागा होती, ती २०१४ साली बंद झाली. त्या वेळी वर्तमानपत्रांत ऑर्कुटचे नाव फार आले होते. ज्यांना पकडले होते ते २०१२ साली न्यायालयातून सुटले. म्हणजे नेमके काय झाले ते मामीला सांगता येईना. पण तेव्हापासून मुंबईतले आईबाप मुलांना विचारू लागले, की तू बोलतोस तो कोण आहे? दादा नेहमी मामीशी वाद घालतो. त्या दिवशी तो गप्प बसला.

सुट्टी संपल्यावर मी गुरुजींना सांगितले. मग गुरुजींनी आपल्या वर्गात चिठ्ठ्यांचा खेळ घेतला, तो तुम्ही सर्वांनी खेळला आहे. पालकांसाठी लिहिते. प्रत्येकाने एक खोटे नाव घ्यायचे, कागदावर निरोप लिहून डब्यात टाकायचा, आणि वर्गप्रमुखाने तो वाचून दाखवायचा. कोणी कोण ते सांगायचे नाही. 'चांदणी'ने लिहिले, "माझ्या घरासमोर पाण्याची टाकी आहे." नंतर लिहिले, "आज आमच्या मोत्याने पिल्लं दिली." नंतर, "माझा भाऊ आश्रमशाळेत आहे." तिसऱ्या चिठ्ठीला सगळा वर्ग ओरडला, कोण आहे ते! तिने नाव कुठेच लिहिले नव्हते. मी स्वीटीला असेच थोडे थोडे सांगितले होते. एकेक तुकडा लहान वाटतो. सगळे जोडले की घराची वाट तयार होते.

आणि 'परी' आठवते ना? ती म्हणत होती मी तिसरीतली आहे, मला दोन वेण्या आहेत, मला बोरं आवडतात. आम्ही तिसरीच्या सगळ्या मुलींना जाऊन विचारून आलो. परी म्हणजे गुरुजी निघाले! मिशा असलेली परी पाहून पोट धरून हसलो.

आता सुरुवात कशी करायची ते सांगते. पहिले म्हणजे आपण दहा वर्षांची मुले आहोत, आपण स्वतःचे खाते काढायचे नाही. व्हॉट्सॲपला तेरा वर्षे पूर्ण लागतात. २०२३ साली आपल्या देशात जो कायदा झाला त्यात तर अठरा वर्षांच्या आतले सगळे मूलच धरले आहेत, आणि मुलाची माहिती घेण्याआधी आईबाबांची संमती घ्यायला सांगितले आहे. म्हणून खोटे वय टाकून आत जायचे नाही. मोठ्यांच्या मोबाईलवर, मोठे शेजारी असताना बोलायचे.

मी आता रविवारी आईच्या मोबाईलवर लुडो खेळते. खोलीला एक अंक असतो, तो ज्याच्याकडे असेल तोच आत येतो. आमचा अंक फक्त मामी आणि दादाला माहीत आहे. पारावर न बसता आपल्या ओटीवर बसल्यासारखे ते आहे. पुष्कळ खेळांत अनोळखी लोकांच्या गप्पा बंदही करता येतात, ते दादाने आईला दाखवले. मोबाईल घेऊन माळ्यावर किंवा गोठ्यात जायचे नाही, ओटीवरच बसायचे, असे आमच्या घरी ठरले आहे. आजी मधून मधून डोकावते. तिला वाचता येत नाही, पण ती विचारते, "कोण बोलतंय गं?" आणि मला सांगावे लागते. आजीचा हा प्रश्न मला सगळ्यात चांगला वाटतो.

खोटे नाव ठेवायचे ते फळाफुलांचे ठेवावे. त्यात आपले नाव, जन्मसाल, गाव नको. गणवेशातला फोटो नको, कारण खिशावर शाळेचे नाव असते. कोणी म्हणाले, "चल, आपण दोघंच वेगळ्या खोलीत बोलू," किंवा "कॅमेरा लाव," की तिथेच बंद करून मोठ्यांना सांगावे. कोणी म्हणाले, "कोणाला सांगू नकोस," तर ते आधी सांगावे. भेटायला बोलावले तर मुळीच जायचे नाही. आणि आपणही तिथे कोणाला चिडवू नये, कारण पलीकडे आपल्यासारखा कोणीतरी खरा मुलगाही असू शकतो.

घरी सांगायला भीती वाटली तर १०९८ हा नंबर आहे. तो मुलांचाच आहे. पैसे पडत नाहीत आणि रात्रीही उचलतात. तो १९९६ साली मुंबईतच सुरू झाला, देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून. देवनार घाटकोपरपासून लांब नाही. आता तो सरकारकडून चालतो. गुरुजींनी तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहिला आहे आणि पुसू नका असे सांगितले आहे.

पालकांनो, मला तुम्हांला एक विचारायचे आहे. मोबाईल काढून घेईन अशी धमकी देता ना, म्हणून आम्ही सांगत नाही. मामीने मोबाईल काढून घेतला नाही, म्हणून मी तिला बाकीचेही सांगितले, की स्वीटीने माझा फोटो मागितला होता आणि मी दिला नव्हता. हे मी आईलासुद्धा सांगितले नव्हते.

बाबांना मी हा लेख चिकटवण्याआधी वाचून दाखवला. ते ओटीवर दोरी वळत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "आकडे मी सांगितले हे नीट लिहिलंस ना? नाहीतर लोकांना वाटेल सगळं पोरीनंच केलं." मी म्हटलं, लिहिलंय. आत्याचे दोन हजार दुधाच्या पैशांतून देऊन झाले आहेत, एक हजार राहिले आहेत.

येत्या शनिवारी दप्तर नसते तेव्हा गुरुजी चिठ्ठ्यांचा खेळ पुन्हा घेणार आहेत. या वेळी पालकांनीही खेळायला यावे असे त्यांनी सांगितले आहे. येताना मनात एक खोटे नाव ठरवून या. परी सोडून, ते गुरुजींनी घेतले आहे.